पडद्याच्या कापडाच्या पिशव्या

कारखान्यामागच्या चार मजली इमारतींमध्ये नुसतं फिरायला जाणं हे रिकामटेकड्यांचं काम समजतात. बाई मोकळ्या हातांनी रस्त्याने चालली, की समोरचा विचारतोच, "कुठे निघालात?" त्यावर "कुठे नाही, सहज" हे उत्तर खपत नाही.

पडदे शिवणाऱ्या वहिनींना हे ठाऊक असायला हवं होतं. तळमजल्यावरच्या खोलीत त्या वीस वर्षं मशीन चालवतात. सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते. पण तो हक्क मुळात वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या नणंदेचा. ही नणंद कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते आणि राग तिच्या नाकावर असतो.

डॉक्टरांनी नणंदेला तीन महिन्यांची मुदत दिली होती. रोज चाला, भाजी खा. साखर उतरली नाही तर इन्सुलिनची सुई. तिच्या आईचा पाय याच दुखण्यात कापावा लागला होता. सासूबाईंची ती मलमपट्टी दोन वर्षं वहिनींनी केली होती. त्यामुळे त्या विषयावर दोघी बोलत नसत. चालण्यावर मात्र भांडत.

"दिवसभर शेगडीपुढे उभी असते मी. अजून किती पाय हलवू?"

"उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, वन्सं. तसं असतं तर विजेचा खांब सगळ्यात धडधाकट म्हणायचा."

नणंद एकटी जाणार नाही, म्हणून वहिनींनी इमारतीतल्या सहा जणी गोळा केल्या. पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने विचारलं, "मोर्चा कुणीकडे?" तिसऱ्या दिवशी जिन्याखाली वहिनी एकट्याच उभ्या होत्या. वरून नणंदेचा आवाज आला, "सांगितलं होतं मी!"

वहिनींनी मग पडद्यांच्या शिलाईतून उरलेलं कापड काढलं आणि आठ पिशव्या शिवल्या. पिशवी हातात असली की बाई कामाला निघालेली असते. हिशेब बरोबर होता, फक्त कापड एकाच ताग्यातलं निघालं. ताटाएवढी केशरी फुलं. उरलेलं कापड कारणी लागलं यापलीकडे वहिनींनी काही पाहिलंच नव्हतं. सगळ्या एका रांगेत निघाल्या तेव्हा चहावाल्याने गाळणी खाली ठेवली.

"कुणाच्या खिडक्या उघड्या पाडल्यात हो?"

या वेळी बायकाही हसल्या, कारण आता उत्तर तयार होतं: "बाजारात निघालोय!"

बाजार अर्ध्या तासावर. इमारतीखालच्या दुकानात बिस्किटं आणि तळणाची पाकिटं, बाकी काही नाही. एकदा बाजारात म्हटल्यावर रिकामी पिशवी परत कशी आणणार? पालक, कोबी, गाजरं घरी येऊ लागली. आणलेली भाजी वाया कोण घालवतं? ती शिजू लागली.

नणंदेने पिशवी घेतली आणि दुसऱ्या दिवशी वहिनींच्या दाराला अडकवून ठेवली. "माझीही भरून आण."

वहिनी बाजारातून आल्या आणि पिशवी होती तशी रिकामीच तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"पिशवी एकटी चालत नाही, वन्सं."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या सकाळी नणंद सगळ्यांच्या आधी जिन्याखाली उभी होती. "पालक निवडता येत नाही तुम्हा कुणाला," ती म्हणाली. "काल वरच्या गॅलरीतून पाहिला मी. नुसती देठं."

तेव्हापासून भाजी तिनेच निवडली. सुट्टीच्या दिवशीही तिने कुणाला झोपू दिलं नाही.

तीन महिने भरल्यावर दोघी दवाखान्यात गेल्या, चालतच. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ टक्क्यांवरून साडेसातवर आली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. "सुई नको. गोळ्या चालू ठेवा, आणि जे काय करताय ते सोडू नका."

नणंद बाहेर आली आणि बाकावर बसली. पावलं पुढे करून थोडा वेळ दोन्हींकडे पाहत राहिली.

"वहिनी," शेवटी ती म्हणाली, "पिशवीचा बंद उसवलाय. दुसरी शिवून दे."

"शिवते."

"मोठी शिव. आणि कृपा करून फुलं नकोत."

पुढच्या आठवड्यात नवी पिशवी तयार झाली. कापड अजून उरलं होतं, त्यामुळे फुलं तीच. नणंदेने तोंड वाकडं केलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.