त्यांचे दात, माझे कान

माझी सगळी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत झाली; आधी धुळ्याला, मग जळगावला. त्यामुळे जे मागायचे ते लेखी मागावे आणि नाकारले गेले तर वरच्याकडे दाद मागावी, ही सवय हाडात मुरली आहे. मिरवणुकांत एकावर एक रचलेल्या स्पीकरांच्या ज्या भिंती फिरतात, त्यांच्याविरुद्ध मी निवृत्तीनंतर सातत्याने अर्ज करत आलो आहे. घरात मला ‘अर्जदार’ म्हणतात. हा किताब सौभाग्यवतींनी बहाल केलेला असून त्याविरुद्ध अपिलाची सोय नाही. आज मात्र मी तक्रार करायला बसलेलो नाही. काही माणसांचे ऋण मान्य करायचे आहे. ते करताना राग अजिबात डोकावणार नाही, अशी हमी मात्र मी देत नाही.

धुळ्यात पांझरा नदीच्या अलीकडे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बँडची खोली होती. पितळी वाद्ये खुंट्यांना टांगलेली, गणवेश दोरीवर वाळत घातलेले. लग्नसराई संपली की बाकीचे वादक मजुरीला जात. एक तरुण तेवढा दुपारी खोलीत बसून क्लॅरिनेट वाजवी. गाणे नव्हे, एकच सूर. श्वास संपेपर्यंत तो एक सूर सरळ धरायचा, थांबायचा आणि पुन्हा तोच. गल्लीतल्या बायका वैतागत. एक अक्का तर त्याला रोज विचारायच्या की बाबा, याच्या पुढचं तुला कुणी शिकवलंच नाही का. मी त्या खोलीच्या पायरीवर शाळेचा अभ्यास करत असे. सूर कशाला म्हणतात, हे मला त्या पायरीवर कळले. पुढे तो तरुण त्या बँडचा मास्तर झाला आणि साऱ्या खानदेशात लग्नांना बोलावला जाऊ लागला. मी कारकून झालो. आमची ओळख टिकली.

नोकरी लागल्यावर मी ऐपतीबाहेर जाऊन संगीताची यंत्रे जमवली. तबकड्यांचे यंत्र, कॅसेट डेक, धुळ्याच्या एका रेडिओ मेकॅनिकने जुळवून दिलेला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, सागवानी पेट्यांतले स्पीकर. यंत्रांबद्दल माझे मत पहिल्यापासून एकच आहे: यंत्राने निरोप्यासारखे वागावे. जे सांगायला दिले तेवढेच पोचवावे, पदरचे घालू नये. आजच्या भिंती नेमके उलटे करतात. त्यांत गाणे कोणते आहे याला महत्त्व उरत नाही, छाती किती हादरली याला उरते. शिवाय प्रत्येक समाज आता आपला मान आवाजाच्या मापाने मोजू लागला आहे. त्यांची भिंत एवढी उंच, तर आमची त्याहून उंच. मी सर्वांविरुद्ध सारखेच अर्ज केले, म्हणून सर्वांनीच मला परक्यांचा माणूस ठरवले. कायदा मिरवणुकीतल्या झेंड्याचा रंग पाहून लागू होत नसतो, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे.

या भिंतींनी बँड गिळले, हे माझ्या रागाचे खरे कारण. पण बँडवाल्यांवरचा अन्याय त्याहून जुना आहे आणि तो आपण घरच्या घरी केलेला आहे. त्यांना जेवण शेवटी, आणि तेही मांडवामागे, उभ्या उभ्या. मास्तर बौद्ध आहेत आणि त्यांचे बरेचसे वादकही. हे उभ्याने जेवणे कोणत्या जुन्या नियमातून आले आहे, ते मी सांगायची गरज नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी ठरवले की बँड पहिल्या पंगतीला बसेल. व्याही हसून म्हणाले, “साहेब, वाजवणारे आधी जेवले तर नवरदेव काय ढेकरांच्या तालावर येणार?” मी घटनेतले कलम सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तरांनी मला बाजूला घेतले. गंमत म्हणजे त्यांचे म्हणणे व्याह्यांच्याच बाजूचे होते. पोट भरले की फुंक बसत नाही. “मांगून जेवू भाऊ,” ते म्हणाले, “पन पाट मांडीसन जेवू.” जेवण मागून चालेल, पण पाट मांडून. तसेच झाले. शेवटच्या पंगतीत बँड पाटांवर बसला. वाढायला मी होतो आणि व्याहीही. व्याह्यांनी आग्रह करून जिलेबी वाढली, हे नमूद केले पाहिजे.

असो. मूळ विषय माझ्या कानांचा आहे.

गेल्या काही वर्षांत लोक पुटपुटत बोलू लागले, असे माझे स्पष्ट मत झाले होते. वृत्तनिवेदकांच्या उच्चारांबद्दल मी एका वाहिनीला पत्रही लिहिले. शेवटी सौभाग्यवतींनी सांगितले की पुटपुटणाऱ्यांत कुकरचाही समावेश आहे, कारण त्याच्या शिट्ट्याही मला ऐकू येत नाहीत. तेव्हा मी तपासणीला तयार झालो.

जळगावातल्या ज्या श्रवणतज्ज्ञ बाईंकडे मी गेलो, त्या मूळच्या पिंपळनेरच्या. वयाने माझ्या मुलीहून लहान. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवले, कानांत बारीक आवाज सोडले आणि आलेख समोर ठेवला. वरच्या पट्टीतले माझे ऐकणे बरेच गेले होते. कानांत श्रवणयंत्रे बसवली त्या दिवशी मेहरूणच्या तलावावर पाखरांची किलबिल ऐकून मी बाकावर बसून राहिलो. घरी सौभाग्यवती स्वयंपाकघरातून माझ्याविषयी काय काय बोलतात, हेही कळले. ते सारे यापूर्वीही बोलले जात होते, असे त्यांनी सांगितले. त्या दिवसापुरता मी जगातला सर्वांत ऋणी माणूस होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांची कॅसेट लावली. एका लग्नात, वरात थांबलेली असताना, मी स्वतः माझ्या रेकॉर्डरवर घेतलेली. सुरुवातीला त्यांनी तो लांब सूर धरला आहे. तो सूर थरथरला. पाण्याखालून आल्यासारखा डचमळला, मध्येच बारीक झाला, पुन्हा फुगला. मी डेकचे हेड स्पिरिटने पुसले, पट्टा पाहिला, दुसरी कॅसेट लावली. तेच. मग कानांतली यंत्रे काढली. सूर दुरून आणि मंद आला, पण सरळ आला. दोष कोणाचा, ते सिद्ध झाले.

मी मास्तरांना फोन केला. हेतू हळहळण्याचा होता. त्यांनी ऐकून घेतले आणि मग स्वतःचे सांगितले. वरचे पुढचे दात हलू लागले आहेत. क्लॅरिनेटचे फुंकायचे टोक त्याच दातांवर टेकते. डॉक्टर काढायलाच हवेत म्हणतात. श्रावणातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाची मिरवणूक तेवढी वाजवायची, मग दात काढायचे आणि वाद्य पुतण्याकडे द्यायचे. कवळीवर तो सूर बसणार नाही, हे त्यांनी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे सांगून टाकले. श्रावण जवळ आला होता. त्यांच्या दातांत मिरवणुकीपुरता जीव होता आणि तो सूर शेवटचा ऐकायला माझ्याकडे कान नव्हते.

फोन ठेवला आणि मी कागद पुढे ओढला. कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले की यंत्र मानकांप्रमाणे काम करत असून आपल्या समाधानाची आम्हाला कदर आहे. माझ्या असमाधानाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. मग मी ग्राहक आयोगाकडे करायच्या तक्रारीचा मसुदा तयार केला आणि त्यापूर्वीची रीतसर नोटीस श्रवणतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात स्वतः नेऊन दिली. पोचही मागितली. त्यांनी सही केली, नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि विचारले की यात चौथ्या परिच्छेदात जो थरथरणारा सूर आहे, तो नेमका कोणत्या वाद्याचा. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही नोटिशीवर मला असा प्रश्न आला नव्हता.

मी सांगितले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

“नाना, हे मशीन माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं आहे. बोलण्यात आवाज सारखा बदलत असतो. एकच सूर सरळ लांब आला की मशीनला वाटतं आपणच शिट्टी मारतोय, आणि ते त्याला दाबायला जातं.”

म्हणजे मास्तरांनी ज्या गुणासाठी आयुष्य घालवले, नेमका तोच या यंत्राच्या लेखी गोंगाट होता. मी गोंगाटाची व्याख्या कितीतरी अर्जांत केली आहे. अशी व्याख्या माझ्याही लेखणीतून कधी उतरली नव्हती. मी विचारले की हे आधी का सांगितले नाही. त्या म्हणाल्या की बहुतेक लोक नातवंडांचे बोलणे ऐकू यावे म्हणून येतात. सूर ऐकायचा आहे, असे मी त्यांना सांगितलेच नव्हते. हे खरे होते. तपासणीच्या अर्जात मी फक्त ‘ऐकू येत नाही’ असे लिहिले होते.

संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते, असे त्या म्हणाल्या. पण कॅसेटवर भागणार नाही, प्रत्यक्ष वाद्य समोर हवे. त्यांच्या पिंपळनेरकडे पावरी वाजते. भोपळ्याच्या त्या वाद्यात फुंकणारा दम न तोडता सूर कसा लांबवतो, ते त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यामुळे मी सुराविषयी बोलत असताना त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

मास्तर धुळ्याहून एसटीने आले, क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन. दवाखान्यात शिरताना त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, त्या मी आत आणून ठेवल्या. बाईंनी माझी यंत्रे संगणकाला जोडली. मास्तरांनी भिंतीवरचा कानाचा आडवा छेद दाखवणारा तक्ता न्याहाळला आणि म्हणाले, “इतला वाकडा शे, म्हनीसन सूर सरळ जात नही.” मग त्यांनी सूर धरला.

डचमळला. बाईंनी काहीतरी कमी केले. पुन्हा सूर. आता त्याच्या कडा करकरीत, पत्र्यासारख्या. पुन्हा बदल. असे बराच वेळ चालले. मास्तर मध्ये ओठ पुसत, दातांवरून जीभ फिरवत आणि पुन्हा वाजवत. दुखते का, असे बाईंनी विचारले तर मानेनेच नाही म्हणत. बाहेर थांबलेले रुग्ण दार किलकिले करून पाहू लागले. एका आजोबांनी इथे कोणाचे लग्न आहे, अशी चौकशी केली.

आणि मग एकदा तो सूर आला आणि उभा राहिला. पायरीवर ऐकला होता तसा अगदी नव्हे. वरचा काही भाग आता माझ्या कानांत कायमचा नाही, तो कोणतेही यंत्र परत देणार नाही, हे बाईंनी आधीच बजावले होते. पण सूर सरळ होता. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि क्लॅरिनेट पुसायला घेतली. बाईंनी ती जुळवणी यंत्रात साठवली. कानामागचे बटण दाबले की बोलण्याऐवजी संगीत. माझी नोटीस टेबलावरच होती. ती परत मागायला मला लाज वाटली. ती त्यांनीच घडी करून माझ्या खिशात घातली.

कानबाईच्या विसर्जनाला मी सौभाग्यवतींसह धुळ्याला गेलो. रोटांचा प्रसाद खाऊन झाला होता, बायका कानबाई डोक्यावर घेऊन नाचत निघाल्या होत्या. पुढे मास्तरांचा बँड होता. मागच्या गल्लीतून एक भिंत येत होती आणि तिचे ठोके पायाखाली जाणवत होते. मी बटण दाबले. बँड थांबला, आणि नदीकडे वळण्यापूर्वी मास्तरांनी नेहमीसारखा एकट्याने तो सूर धरला.

सूर सरळ गेला. लांब गेला. आणि शेवटाशी थरथरला.

दवाखान्यात केलेली सारी मेहनत वाया गेली, यंत्र पुन्हा त्याला दाबायला निघाले. कंपनीला लिहायच्या पत्राचे पहिले वाक्य माझ्या डोक्यात तयारही झाले होते. वाद्य उतरवून मास्तर गर्दीतून माझ्याकडे आले.

“भाऊ, आयकू ऊनं का?”

ऐकू आले, मी म्हणालो, पण शेवटी जरा कापला. यंत्राचे पुन्हा बिघडलेले दिसते.

मास्तर हसले. ओठ वर करून त्यांनी पुढचा दात बोटाने हलवून दाखवला.

“ते यंत्र नही, भाऊ. तो मना दात शे.”

सौभाग्यवतींना हसू आवरेना. मी मात्र तिथेच, भर मिरवणुकीत, मास्तरांचे दोन्ही हात धरून उभा राहिलो. जे घडले तेच मला ऐकू आले होते. त्यात काही कमी नाही, पदरचे काही नाही. दुसऱ्या दिवशी मी श्रवणतज्ज्ञ बाईंना फोन करून सांगितले की आपल्या यंत्राने खरी साक्ष दिली. मास्तरांचे दात आता निघाले आहेत. पुतण्या दुपारी त्या खोलीत बसून एकच सूर धरतो, आणि गल्लीतल्या कोणीतरी त्याविरुद्ध तोंडी तक्रार केली असल्याचे कळते. मी मास्तरांना निरोप दिला आहे की लेखी आली तर उत्तर मी देईन.