माहेरचे कळक

आमची बांबूंची वखार कल्याणला खाडीकाठी होती. मुरबाडकडच्या रानातून गाड्या भरून कळक आणि कारवी यायची आणि आमचा तांडेल ओहोटी साधून ती पडावातून, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीतून, ठाण्याला न्यायचा. परतताना तोच भरतीबरोबर मुंबईचा कापूर, साबण, औषधाच्या बाटल्या असं काहीबाही घेऊन यायचा. माझी नणंद ठाण्यात दिलेली, तिचे यजमान कचेरीत कारकून. तिला माहेराहून काही हवं असलं की तांडेलाबरोबर निरोप यायचा. मी म्हणायची, "आला बघा नणंदबाईंचा हुकूम." तांडेल ते तिकडे जाऊन तिखटमीठ लावून सांगायचा आणि पुढच्या खेपेला तिचं उत्तर घेऊन यायचा. असं आमचं भांडण खाडीवरून चालायचं. खरं सांगते, मला त्यावाचून करमायचं नाही.

मग मुंबईतून गाठीचा ताप आला. ठाण्यात शिरला, कल्याणात शिरला. घर सोडून माळावर झोपड्यांत राहिलेली माणसं वाचतात, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं आणि कळक-कारवीला सोन्याचं मोल आलं. गावातले चार शहाणे आमच्या ओटीवर बसून म्हणाले, गावचे कळक गावाबाहेर जाता कामा नयेत, आधी आपलं बघा. ठाण्यातले शहाणेही तेच म्हणत होते, की घर धुवायच्या औषधाची, कारबोलिकची, बाटली वर कल्याणला जाऊ देऊ नका. बोलायला काय, जिभेला हाड नसतं. माझे यजमान तापट. ते म्हणाले, "त्यांच्याकडे कळक नाहीत, आपल्याकडे औषध नाही. दोघांनी दारं लावून घेतली तर दोघंही मरू." त्यांनी पडाव बंद केला नाही. कळक खाली गेले, कारबोलिक वर आलं. त्यांच्या त्या हट्टाचा मला आजही अभिमान आहे. म्हणूनच पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

एकदा तांडेल आला तो नणंदेचा निरोप घेऊन. तिच्या शेजारच्या घरात आढ्यावरून उंदीर मरून पडले होते. तिने सांगितलं होतं, "वहिनीला म्हणावं, यंदा लुगडं नको, चोळी नको. झोपडीपुरते कळक पाठव. आणि कुजके काढून देऊ नकोस." शेवटचं वाक्य खास माझ्यासाठी होतं. मला हसू आलं. यजमान लगेच उठले आणि चांगले सरळ कळक वेचून बाजूला काढू लागले.

तेवढ्यात सासूबाई मागच्या दाराशी आल्या. त्या दिवसांत वखारीवर झोपडीवाल्यांच्या बरोबरीने दुसरंही गिऱ्हाईक यायचं, ज्याच्या घरी कोणी गेलं असेल ते. तिरडीला दोन कळक घेऊन मान खाली घालून निघून जायचं. सासूबाई ते रोज बघत होत्या. त्या म्हणाल्या, "कळक, सुंभ आणि गवत. लेकीच्या दारात काय धाडतोयस, कळतंय का तुला?"

"परक्यांना रोज धाडतोच आहे," यजमान म्हणाले.

"परके विकत नेतात. ही माहेरची भेट. भेट म्हणून असलं कोणी देत नाही."

अख्ख्या गावाला अंगावर घेणारा माणूस, पण आईपुढे हातातला कळक खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द टाकला असता तर ते ऐकणार होते. पण मला सासूबाईंचं पटलं होतं. भीतीने नव्हे, मनापासून पटलं. नणंदेच्या अंगणात ते कळक उतरताना माझ्या डोळ्यांपुढे आले. मी म्हणाले, "त्यापेक्षा औषध पाठवू."

ठाण्याहून आलेली कारबोलिकची बाटली आम्ही पुन्हा ठाण्याला पाठवली. कापूर पाठवला. तिने नको म्हटलं असूनही शकुनाला म्हणून वर एक खण ठेवला. आणि कळक का नाहीत, ते काही कळवलं नाही. असलं कारण तोंडाने उच्चारणं म्हणजे आणखी अभद्र. तिथेच विकत घे म्हणावं, तर ती कारण विचारणार. म्हणून सांगितलं, "पुढच्या खेपेला पाठवतो."

तिचा उलट निरोप आला, "वाट बघते म्हणावं."

पुढची खेप गेली, त्याच्या पुढची गेली. दर वेळी आम्ही तेच सांगत राहिलो. दरम्यान आमच्याही घरात उंदीर पडले. घाईघाईने माळावर जायचं ठरलं आणि तिच्यासाठी वेचून ठेवलेले ते सरळ कळक आमच्याच झोपडीला लागले. सासूबाईंनी स्वतः कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपली. झोपडी छान झाली होती. वारा खेळायचा, झोप शांत लागायची. एवढी शांत झोप मला कशी लागली, देव जाणे.

तांडेल आला तेव्हा दारातच उभा राहिला, आत येईना. मग म्हणाला, ताईंच्या काखेत गाठ आली होती, गेल्या. मला सुचलं ते नको तेच. मी विचारलं, "ठाण्यात एवढे कळक उतरत होते, विकत का नाही घेतले त्यांनी?"

"त्यांचे मालक निघाले होते घ्यायला. ताईंनीच अडवलं. म्हणाल्या, माझ्या माहेरची वखार असताना मी विकत घेऊ? वहिनी पाठवतेय." त्याने डोक्याचं मुंडासं काढलं. "शेवटी घेतले त्यांनी, वहिनी. दोनच. आपल्याच पडावातले होते."

यजमानांनी आईला काही म्हटलं नाही, मलाही नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ती झोपडी आम्ही मोडली नाही. पाऊस लागेपर्यंत तिच्यातच राहिलो, आणि सगळे वाचलो.