ब्रिटाने हात वर करू दिला नाही

माझी नात ब्रिटा आज अमेरिकेत, आमच्या आयोवात गुरांची डॉक्टर आहे. "बाईला बैल आवरेल का?" असं कुणी विचारलं, की ती म्हणते, "बैल दाखवा आधी." ही खोड शाळेतल्या कुस्तीची.

शाळेतली तिची शेवटची लढत होती. समोरचा पोरगा म्हणाला, "पोरीशी मी खेळत नाही," आणि मॅटवर आलाच नाही. नियमाप्रमाणे तिला विजयी ठरवायला पंच तिचा हात वर करू लागले, तर हिने दोन्ही हात पाठीमागे धरले!

"अगं, घे की! फुकटचा विजय कुणी सोडतं का?" तिचे कोच ओरडले.

"फुकटचा आहे म्हणूनच नको, सर. मला कुस्ती हवीय."

मग समोरच्या संघाच्या बाकावरून एक आडदांड पोरगा उठला. "मी तुझ्यापेक्षा दहा पौंड जड आहे. चालेल?"

"तोंड नको चालवू, मॅटवर ये!"

दुसऱ्या फेरीत ब्रिटा चीतपट झाली. मी बाकावर चढून टाळ्या पिटल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, तुमची नात हरली!"

म्हटलं, "हरली हो! पण बघितलंत ना, कशी झुंजून हरली!"