‘लेख लेखा’च्या आठवड्यात चौक-कर्जत रस्त्यावर

दर शुक्रवारी संध्याकाळी बाबा तोराचा, म्हणजे आमच्या ज्यू धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा पाठ मराठीत वाचून दाखवतात. या शुक्रवारी ‘लेख लेखा’ची पाळी होती: देव अब्राहामला म्हणतो, ऊठ, निघ. “मग आपणही निघू,” मी म्हटलं. आई गेल्यापासून बाबा ठाण्याबाहेर पडले नव्हते.

पनवेलनंतर एक्सप्रेसवे टाळा, जुना हायवे धरा. लोधिवली मागे टाकून चौकला वळलं की कर्जतपर्यंत दोन्हीकडे कापणीला आलेलं भात. खड्डे आहेत, घाई करू नका. रस्त्यापासून जरा आत एका शेतकरी कुटुंबाने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात, जेवणासकट माणशी बाराशे. वालाच्या बिरड्यासाठी तरी जाच.

घरच्या सुमनआजींनी पाणी देत विचारलं, “कोण गं तुमी? नावं येगळी वाटतात.”

“ख्रिश्चन,” मी पटकन म्हणाले.

समजावत बसायचा कंटाळा, असं मी मनाला सांगितलं. खरं तर भीती. हल्ली ज्यू म्हटलं की लोक बातम्यांमधल्या युद्धाचं विचारतात आणि नजर बदलते. बाबांनी ऐकलं होतं. खिशातून काढलेली प्रार्थनेची टोपी त्यांनी परत आत ठेवली.

शुक्रवारचा सूर्य कलला. शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दिवे आईनंतर मी लावते. पण आजी अंगणातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी बॅगेची चेन उघडली आणि थांबले.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “वारा आहे.”

झाडाचं पान हलत नव्हतं.

त्या रात्री पाठ वाचला गेला नाही. त्यात पुढे अब्राहामही घाबरतो, बायकोला म्हणतो, तू माझी बहीण आहेस असं सांग. आम्हा दोघांना तो भाग पाठ आहे.

सकाळी बाबा टोपी घालूनच अंगणात आले. “आजी, आम्ही बेने इस्राएल. ज्यू.”

“म्हंजे शनवार तेली?” आजी हसल्या. “सासूबाय सांगायच्या. गावात त्यांचा तेलाचा घाणा व्हता, शनवारी बंद.” मग माझ्याकडे वळल्या. “काल मग तसं का गं बोललीस? आमी काय केलं असतं तुला?”

निघेपर्यंत त्या बाबांशी भरभरून बोलल्या. मला मात्र ‘मॅडम’ म्हणू लागल्या.

रविवारी घरी पोचलो. मी चहा टाकला. बाबा ओट्याशी येऊन उभे राहिले. आवाजात राग नव्हता.

“पहिल्यांदाच असं सांगितलंस, की नेहमी सांगतेस?”

मी चहा गाळत राहिले. बाबा हा ब्लॉग वाचतात. म्हणून इथेच लिहिते: नेहमी.