'काऊन'चा पहिला अल्बम

आमच्या बँडचं नाव गिटारवालीच्या वडिलांनी ठेवलं, तेही नकळत. जानेफळला त्यांचं सोयाबीनचं गोदाम आहे. आम्ही तिघी त्यांच्यासमोर ओळीने उभ्या राहिलो आणि मुलीने सांगून टाकलं, "बाबा, आम्ही रॉक बँड काढून राह्यलो. सरावाले गोदाम पाह्यजे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काऊन?"

आमच्याकडे 'का'ला 'काऊन' म्हणतात. मग हाच प्रश्न माझ्या आईने विचारला. मी डोणगावला मेडिकलच्या काउंटरवर असते, तिथे खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांनी विचारला. मेहकरच्या ज्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी त्याचा जुना ड्रमसेट विकत घेतला, त्यानेही पैसे खिशात घातल्यावर विचारला. सगळा तालुका एकाच शब्दाने स्वागत करत होता, तेव्हा वेगळं नाव शोधण्यात अर्थ नव्हता. बँडचं नाव 'काऊन' ठरलं.

गिटारवाली इंजिनिअर. काही वर्षं पुण्यात नोकरीला होती. तिथे तिने तोंड उघडलं की ऑफिसातले लोक कौतुकाने म्हणायचे, "परत बोल ना, किती गोड वाटतं!" ती रागात असली तरी त्यांना गोडच वाटायचं. शेवटी कोणाला गोड वाटणार नाही अशा आवाजाची वस्तू म्हणून तिने इलेक्ट्रिक गिटार घेतली. घरून काम करायची सोय झाली तशी ती गिटारसकट जानेफळला परत आली.

गाणारी अंगणवाडी सेविका. लहानपणापासून जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतं म्हणत आलेली. तिच्या आवाजाला माइक लागायचा नाही, माइकलाच तिची सवय करून घ्यावी लागायची. बास गिटारला चारच तारा असतात हे कळल्यावर तीही तिने स्वतःकडे घेतली. "दोन तारांचं काम कमी झालं," म्हणाली. मी ड्रमवर. शाळेच्या लेझीम पथकात मी ढोल वाजवायचे. बाकीचं मोबाइलवर पाहून शिकले.

गाणारीच्या सासूने परवानगी दिली, पण एका अटीवर: "मी संगं येईन." दर रविवारी या सासूबाई, आम्हा बाकीच्यांच्या मावशी, आमच्याबरोबर गोदामात यायच्या, पोत्यांच्या थप्पीला टेकून बसायच्या आणि मेथी निवडायच्या. पहिल्या दिवशी आम्ही जीव तोडून वाजवलं. संपल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "हे गानं हाय का भांडन?"

"आत्याबाई, गानं हाय."

"असं कसं गानं? भांडनच हाय. मंग नीट भांडा ना. अर्धवट काऊन भांडता?"

संगीतातला याहून उपयोगी सल्ला मला आजपर्यंत मिळालेला नाही. आम्ही नीट भांडायला लागलो.

सात गाणी झाली. त्यातलं मुख्य गाणं गिटारवालीचं. तिला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांवरचं. येणारा प्रत्येक जण चहा-पोहे घेऊन, गोदामाची लांबी-रुंदी विचारून, उठताना 'कळवतो' म्हणायचा आणि कळवायचा नाही. आमच्याकडे 'ळ' जिभेवर येईपर्यंत त्याचा 'य' होतो. म्हणून गाण्याचा मुखडा असा:

*पोरगी पाह्याले आले, टीव्ही पाहून गेले,*
*कयवतो म्हने, कयवतो म्हने, कयवलंच नाही!*

आणि मग तिघींनी मिळून नुसतं ओरडायचं, "कयवतो! कयवतो! कयवतो!" त्यावर माझे ड्रम. अल्बमचं नावही तेच.

रेकॉर्डिंगला अकोल्याहून एक भाऊ आले. लग्नाची आणि निवडणुकीची गाणी करण्यात त्यांचा हातखंडा. आल्या आल्या त्यांनी टाळी वाजवून गोदामाचा आवाज तपासला आणि खूश झाले. सोयाबीनची पोती छतापर्यंत होती, आवाज अजिबात घुमत नव्हता. "असा स्टुडिओ अकोल्यातबी नाही," म्हणाले. फक्त 'कयवतो'ला अडले.

"ताई, ते 'कळवतो' पाह्यजे ना? पुन्याचे लोक हासतीन."

गिटारवालीने गिटारचा आवाज थोडा वाढवला. भाऊंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

चार गाणी झाली, आम्ही जेवायला बसलो आणि तेवढ्यात ट्रक आला. सोयाबीनला भाव नाही म्हणून गिटारवालीच्या वडिलांनी महिनोन्महिने माल अडवून धरला होता. नेमका त्याच दिवशी भाव चढला. लेकीने हात जोडले, "बाबा, दोन तास थांबा ना."

"मी थांबतो, भाव थांबते का?" ते म्हणाले. त्यांचं चुकलं होतं असंही नाही.

हमालांनी बघता बघता गोदाम रिकामं केलं. मावशींची थप्पीही गेली, त्यांना खुर्ची द्यावी लागली. उरलेली तीन गाणी आम्ही रिकाम्या पत्र्याखाली वाजवली. त्यामुळे आमचा अल्बम पहिल्या चार गाण्यांपर्यंत खोलीत वाजतो आणि पाचव्यापासून विहिरीत. पाचव्या गाण्याच्या शेवटी मावशींचा आवाजही आलाय, "झालं का? मले बस हाय." भाऊंनी तो काढायला नकार दिला. म्हणे, पूर्ण अल्बमात तालात तेवढंच एक वाक्य आहे.

अल्बम इंटरनेटवर चढवला त्या सकाळी मी दुकानात मोबाइल काउंटरवर उभा करून ठेवला होता. जग ऐकायला लागलं की समजावं म्हणून. जग ऐकेना. संध्याकाळी गिटारवालीचा फोन आला. आवाज पडलेला.

"घोय झाला," ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरात 'काऊन' लिहलं की ते हिंदीतलं 'कौन' होऊन राह्यलं. आपल्याले शोधाले गेलं तर दुनियाभरचे भुताचे पिच्चर येतात."

आम्ही नातेवाइकांना थेट लिंक पाठवल्या. माझ्या काकांनी पाठवल्या क्षणीच अंगठा दाखवला. गाणी ऐकायला निदान अर्धा तास लागतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मावसबहिणीने लिहिलं, 'फोटो छान.' मामांनी विचारलं, 'यात लग्नात वाजवण्यासारखं कोणतं आहे?' गाणारीच्या अंगणवाडीतल्या पोरांना मात्र ते फार आवडलं. मोठ्या माणसांसमोर 'कयवतो' म्हणून ओरडायला त्यांना आता कारण मिळालं होतं. दोन पालकांनी तक्रार केल्यावर तेही बंद झालं.

मग गिटारवालीने एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराला माहिती दिली. तीन दिवसांनी बातमी आली, तळाला, खताच्या जाहिरातीशेजारी: 'महिला भजनी मंडळाच्या गीतांचा अल्बम प्रकाशित.' त्या वार्ताहराचा दोष नव्हता. तीन बायका एकत्र येऊन गातात, म्हणजे आणखी काय असणार? मी हसले. गाणारी हसली नाही. तिने कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, "इतके रविवार लेकराले घरी ठेवून आली मी. निदान 'बँड' तरी लिहाचं होतं." तेव्हा मलाही हसल्याचं वाईट वाटलं.

पण त्या बातमीने एक केलं. आठवड्याभरात मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेहून फोन आला. बचत गटाच्या अध्यक्षबाई बोलत होत्या. महिला मेळावा आहे, तुमच्या भजनी मंडळाने स्वागतगीत आणि चार भजनं म्हणावीत, जेवण आणि गाडीभाडं आमच्याकडे.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर गाणारीने माझ्या हातातून फोन घेतला. "हाव काकू, येतो ना," म्हणाली आणि ठेवून दिला.

"अवो, भजन म्हनून बलावलं त्याईनं!" मी म्हटलं.

"मंग? बलावलं तर सही."

आम्ही पिकअपमध्ये ड्रम, दोन स्पीकर आणि मावशींना घेऊन निघालो. बुलडाण्याचा घाट उतरताना माझी एक झांज निसटून गाडीत गडगडत गेली. मावशींनी ती पायाखाली दाबून धरली ती थेट धामणगावपर्यंत.

मंडपात गावच्या आणि आसपासच्या बायका सतरंजीवर बसलेल्या. स्टेजवर आमच्यासाठी एक हार्मोनियम, टाळांचे जोड आणि लोड मांडून ठेवलेले. मी ड्रम जोडायला लागले तशा अध्यक्षबाई जवळ आल्या.

"बाई, पेटी हाय ना आमच्याकडं. हे टाकीवानी काय आनलं?"

"काकू, आमचा ताल थोडा जोराचा हाय," मी सांगितलं.

स्वागतगीत आमच्याकडे नव्हतंच. गाणारी माइकसमोर उभी राहिली, नमस्कार केला आणि म्हणाली, "आमाले भजन येत नाही. खोटं सांगून आलो, त्याची माफी मांगतो. आमाले भांडता येते. चालन का?"

मंडपात कोणीतरी हसलं. अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. त्यांनी उत्तर द्यायच्या आत गिटारवालीने तार छेडली. पहिल्या ठोक्याला पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं, मागे बांधलेली म्हैस दावं ओढायला लागली आणि चहाचा ट्रे घेऊन येणारा माणूस जागीच उभा राहिला. मी डोळे मिटून वाजवत होते, कारण उघडायची हिंमत नव्हती.

मग मुखडा आला. पोरगी पाह्याले आले, टीव्ही पाहून गेले. मागच्या रांगांमधून खसखस ऐकू आली. दुसऱ्यांदा 'कयवतो म्हने' आलं तेव्हा कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि तिसऱ्यांदा आम्ही ओरडलो तेव्हा आवाज तिघींचा नव्हता. मी डोळे उघडले. पूर्ण मंडप ओरडत होता. "कयवतो! कयवतो!" अध्यक्षबाई पदर खोचून सगळ्यात पुढे उभ्या होत्या. ते गाणं आम्हाला तीनदा वाजवावं लागलं. बाकीची सहा एकेकदाच.

जेवताना एक वयस्क बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. पत्रावळीतली बुंदी बोटाने इकडेतिकडे करत हळूच म्हणाल्या, "मलेबी एका जागी असंच कयवतो म्हनले होते. मास्तर होता पोरगा." बुंदीकडेच पाहत म्हणाल्या, "मी लई दिवस वाट पाह्यली." मग स्वतःच हसल्या. "बरं झालं नाही कयवलं. माहा नवरा चांगला होता." मी त्यांना आणखी बुंदी वाढली.

निघताना एका शेतकऱ्याने आम्हाला गाठलं. तिथलेच, मक्याचं शेत असलेले. मेळाव्यात पुरुषांना बोलावणं नव्हतं, पण त्यांनी रस्त्यापलीकडून सगळं ऐकलं होतं.

"ताई, हे गाने पेनड्राइव्हमंधी भेटतीन का?"

आमची पहिली मागणी! गिटारवालीने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. कोणतं गाणं जास्त आवडलं, असंही विचारलं.

"आवडाचं नाही वो," ते संकोचाने म्हणाले. "रानडुकरं मका खाऊन राह्यले. फटाके फोडून पाह्यले, डबे वाजवून पाह्यले. तुमचं सुरू झालं तं माही म्हैस दावं तोडून पयाली. म्हनलं, म्हशीले भ्याव वाटलं तं डुकराले वाटनच."

गिटारवालीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण पेनड्राइव्ह तिने भरून दिला. सातही गाणी.

डुकरं खरंच पळाली. शेजारच्या शेतकऱ्याने ते पाहून पेनड्राइव्ह नेला, त्याच्याकडून तिसऱ्याने. रोही, म्हणजे नीलगाई, यायच्या त्या शेतांतही आम्ही वाजायला लागलो. घाटाखालच्या कितीतरी मचाणांवर अल्बम रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत लागतो असं कळलं. शहाणे लोक पाचव्या गाण्यापासूनच लावायचे, विहिरीतला आवाज लांब जातो म्हणून. राखणीला बसणाऱ्यांना सगळी गाणी पाठ झाली. इंटरनेटवर आम्ही होतो तिथेच होतो, पण मेडिकलमध्ये आता कोणी ना कोणी विचारायचं, "डुकराच्या गान्यात ढोल वाजवनाऱ्या तुमीच का?" मी हाव म्हणायचे. नाही तरी काय म्हणणार?

गिटारवालीला मात्र हे महिनाभर लागून राहिलं. "पुन्यात गोड वाटत होतं, इथी डुकराले कडू," असं म्हणायची. मावशींनी तिची समजूत घातली, "पोरी, डुकरं तरी पुरं ऐकून पयतात. पाहुने तं चहा पेऊन पयाले."

मग एके दिवशी त्याच मक्यावाल्यांचा फोन आला. डुकरांना सवय झाली होती. आता ती पळत नव्हती, गाणं ऐकत आरामात मका खात होती. "नवं काही काहाडा ताई, पन जोराचं."

आम्ही तीन नवी गाणी बसवली, तर ते स्वतःच एका रविवारी एसटीने जानेफळला आले, पोतंभर कणसं घेऊन. मावशींच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिलं गाणं त्यांनी डोळे मिटून शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "चांगलं हाय. पन याले डुकरं नाही भेनार." दुसऱ्याला त्यांचा पाय ठेका धरत होता. "हे तं अजून चांगलं हाय," ते दुःखाने म्हणाले. आम्ही तेही बाजूला ठेवलं. तिसऱ्याच्या मध्यावर गाणारीने असा काही वरचा स्वर लावला, की त्यांनी खुर्चीसकट दोन हात मागे सरकून दोन्ही कानांवर हात ठेवले.

ते आम्ही नव्या अल्बममध्ये घेतलं. पहिल्याच नंबरावर.