जुळ्या बंदुकीचा घोडा

माझी आत्या मंगळवेढ्याकडची. रानात ज्वारी, कडेच्या झुडपांत डुकरं आणि घरात एक जुनी एकनळी बंदूक. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर पीक राखायचा परवाना तिने हट्टाने स्वतःच्या नावावर करून घेतला. संध्याकाळी बांधावर उभी राहून ती हवेत एक बार काढते, की डुकरं पसार. "मारायचं कशाला? भ्या दाखीवलं की झालं," म्हणते. आम्हा भाचरांनाही तिने असंच वळण लावलं.

गेल्या हंगामात ऐन कणसं भरताना बंदुकीचा घोडा तुटला. चाप ओढला की आदळतो तो लोखंडाचा तुकडा. त्याच्यावाचून बंदूक म्हणजे नुसतं मुसळ. डुकरांनी लगेच बांधाकडची ज्वारी आडवी केली. आत्या बंदूक गोधडीत गुंडाळून सोलापूरला माझ्याकडे आली. जुळे सोलापुरातून नवी पेठेपर्यंत ती माझ्या स्कूटीवर मागे बसली होती. गोधडीतून नळीचं टोक डोकावत होतं, त्यामुळे त्या दिवशी मला कुणी हॉर्न दिला नाही.

बंदुकांच्या दुकानदाराने मान हलवली. "या बनावटीच्या बंदुका आता निघत नाहीत मावशी. नवा घोडा मिळायचा नाही. अशीच एक बंदूक आमच्याकडे जमा आहे, नळी पार गंजलेली. मालकाने लिहून दिलं आणि पोलिसांची मंजुरी आणली, तर तिचा घोडा बसवू."

मालक कोण, हे आत्याने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. तिच्या सासऱ्यांनी दोन्ही मुलांना एकाच दिवशी अगदी सारख्या बंदुका घेऊन दिल्या होत्या. त्या घरात कुणाला कमी वाटू नये म्हणून सगळं जोडीनेच यायचं. बांध मात्र एकच होता. त्यावरून भाऊ भांडले आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. मामांच्या मातीलाही धाकटा दीर लांब उभा राहून परत गेला होता.

"मी विचारू का त्यांना?" मी म्हटलं.

"बंदूक तुजी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन दिराच्या अंगणात उभी राहिली. मी तिच्या मागे. इतकी ताठ मान मी आयुष्यात पाहिली नाही.

"भावजी, तुमच्या बंदुकीचा घोडा पायजे."

म्हाताऱ्याने जमिनीकडे बघतच विचारलं, "डुकरं लई झाल्यात व्हय?"

"आज माज्या रानात हायती. उद्या तुमच्या येतील की."

"न्या," तो म्हणाला. त्याने कागदावर सही केली.

कागद फिरायला वेळ लागला, पण ज्वारी काढणीला यायच्या आत बंदूक घरी आली. दिवस मावळताना आत्याने बांधावरून बार काढला. झुडपं सळसळली, डुकरं पळाली. मग बांधापलीकडून दिराची हाक आली, "वयनी, दादाची बंदूक वाजली की!"

आत्याने पदराने डोळे पुसले आणि तितक्याच मोठ्याने ओरडून सांगितलं, "दोगांची वाजली, भावजी!"