मावशीचं पाणी

पाणी पृथ्वीवर कुठेही चोरीला जावो, माझ्या मावशीला ते घरबसल्या कळायचं. रामपायलीला तिचं धानाचं शेत. शेजारच्या शेतातल्या काकांनी मधला मातीचा धुरा फोडून तिचं कालव्याचं पाणी आपल्या धानाच्या बांधीत वळवलं की ही खांद्यावर फावडं टाकून हजर. "काहून रे बुढ्या, तुह्या बापाची नहर हाय का?" भगदाड बुजायचं, मग दोघं धुऱ्यावर बसून तिच्याच डब्यातला चहा प्यायचे. बालाघाटला माझ्याकडे आली की आधी नळ तपासायची, मग माझी तब्येत विचारायची. एका लग्नात हात धुण्याच्या जागी चिखल झालेला दिसला, तर नव्या लुगड्यानिशी टाचेनं चर ओढून तिनं सगळं पाणी आंब्याच्या मुळाशी नेलं. नवरदेव त्या चरात घसरला. "खाली पाहून चालावं ना बापू," एवढंच म्हणाली.

गावातला थेंब न् थेंब ओळखणाऱ्या या बाईनं स्वतःचं रक्त जातंय हे मात्र कोणाला सांगितलं नाही. पाळी थांबून वर्षं लोटली होती. "या वयात काय सांगू, लाज वाटते," म्हणत राहिली. कळलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बराच वाढला होता. मी कामाला लागले. तपासण्या, गाड्या, डबे, कोण कधी सोबत जाणार, सगळं ठरवलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: ही गाठ आजूबाजूला काही द्रव्यं सोडते, त्यांच्या सांगण्यावरून तिच्याकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि तिला खायला मिळतं. लसीकेच्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या, बारीक वाहिन्याही तशाच वाढतात, त्या वाटेनं ती पुढे सरकते. नव्या रक्तवाहिन्या रोखणारं एक औषध केमोसोबत देऊ.

मावशी खुर्चीत ताठ झाली. "म्हंजे मेला माह्याच आंगात नहर काढून राह्यला! कोनाले इचारलंन त्यानं?"

आणि तिनं तिच्या समजुतीनं बंदोबस्त केला. जेवणच तोडलं. मी आखलेल्या प्रत्येक जेवणाला "हौ" म्हणायची आणि ताट गाईपुढे रिकामं करायची. गाय अंगानं सुटली, मावशी वाळली. रक्त इतकं कमी झालं की केमो पुढे ढकलावी लागली. मी चिडले, तर शांतपणे म्हणाली, "त्याचं पानी तोडून राह्यलो पोरी. उपाशी मरंल."

मी तिच्यासमोर बसले. "मावशी, काकांनी धुरा फोडला की तू काय करायचीस?"

"भगदाड बुजवत होतो."

"नहरीचं मोठं गेट बंद करायला गेलीस कधी?"

"हट्! साऱ्याईचं धान वाळंल ना."

ती आपल्या काडीसारख्या मनगटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आन भात. वरून तूप टाक."

त्या भातावर केमो झाली, काही महिने बरे गेले. दर खेपेला ती डॉक्टरीणबाईंना विचारायची, "बुजले का पाट?" त्या हसायच्या. मग एका खेपेला त्या हसल्या नाहीत. लसीकेच्या वाटेनं रोग पोटातल्या लसीकाग्रंथींपर्यंत पोचला होता. मावशीचा एक पाय सुजू लागला. ती अंगठ्यानं पाय दाबायची आणि पडलेला खळगा भरून यायची वाट बघायची. "पान्याले निघाले जागा नाही," म्हणाली. "आता फोडू का बुजवू, मलेच समजून नाही राह्यलं."

ती गेल्यानंतरच्या हंगामात मी रामपायलीला गेले. धुऱ्याला मोठं भगदाड होतं, पाणी सरळ काकांच्या बांधीत चाललं होतं. राहवलं नाही, पदर खोचला आणि तिचं फावडं उचललं. काका पलीकडेच बसले होते.

"राहू दे माय," ते म्हणाले. "मले पानी नाही पाह्यजे. म्या सकाळीच फोडलं. वाटलं, कोनी शिव्या देत येईन."

मी फावडं खाली ठेवलं. डब्यात चहा आणला होता, तो काढला. पाणी वाहत होतं, आणि आम्ही दोघं त्याला कोणी अडवतंय का ते बघत बसलो.